408 एचपी खरे, पण किती आरपीएमला?

गाड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या इंजिनाच्या ताकदीचा, म्हणजे एचपीचा (हॉर्सपॉवरचा), एक तक्ता फिरतोय. मर्सिडीज-एएमजी सी 43 : 408. बीएमडब्ल्यू एम340आय : 369. ऑडी एस5 : 349. खाली ठळक अक्षरांत सी 43च्या बाजूने निकाल : 'दोन लिटर, चार सिलिंडर, तरी सगळ्यांत ताकदवान. लहान इंजिन, हलकी गाडी, जास्त वेग. सहा सिलिंडरचा जमाना संपला.' माझ्या मावसभावाने हा तक्ता मला पाठवला तेव्हा गाडी बुक करायला त्याच्याकडे जेमतेम आठवडा होता. या गाड्यांच्या किमतींत वीस लाखांहून जास्त अंतर आहे. एवढा पैसा एका फॉरवर्डच्या भरवशावर टाकू नये, म्हणून त्याला मुद्द्यागणिक उत्तर लिहिलं. तेच इथे देतोय.

आधी मापं. तक्त्यातले 408 हे पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) आहेत, तर 369 आणि 349 हे बीएचपी (ब्रिटिश हॉर्सपॉवर, किंचित मोठं माप). एक कापड मीटरने मोजायचं आणि दुसरं वाराने, तसं झालं हे. तिन्ही गाड्या पीएसमध्ये मांडल्या तर 408, 374 आणि 354 होतात. म्हणजे बीएमडब्ल्यूशी फरक 39चा नाही, 34चा. चूक लहान आहे, पण ती तक्त्याच्या पहिल्याच ओळीत आहे.

'सगळ्यांत ताकदवान.' खरी गोम इथे आहे. ब्रोशरमधला एचपीचा आकडा हा इंजिनाचा सर्वोच्च बिंदू असतो, आणि तो ठरावीक आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनाच) मिळतो. सी 43चे 408 येतात 6,750 आरपीएमला. टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ओढ, तिन्ही गाड्यांचा सारखाच आहे, 500 न्यूटन-मीटर. पण तो कधी मिळतो ते बघा. बीएमडब्ल्यूचं तीन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन 1,900 ते 5,000 आरपीएमपर्यंत सलग 500 देतं. ऑडीचं व्ही6 (व्ही आकारात मांडलेले सहा सिलिंडर) तर 1,370 पासून 4,500 पर्यंत. मर्सिडीजचे 500 मिळतात 5,000ला.

आता थोडं गणित. टॉर्कला आरपीएमने गुणा, 7,023ने भागा, पीएस मिळतात. 5,000 आरपीएमला मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू दोघींचे होतात 356. बरोबरी! त्याच्या वर मर्सिडीज चढत जाते आणि 408 गाठते. ते 34 पीएस तिथे, अगदी वरच्या टोकाला आहेत. 5,000च्या खाली मात्र बीएमडब्ल्यूकडे पूर्ण 500 असताना मर्सिडीजकडे त्याहून कमी असतात. तक्त्यात या बाजूचा आकडाच नाही.

हे मी स्वतः अनुभवलंय. खोपोलीकडून बोरघाट चढत होतो, एका मित्राची एम340आय होती. मॅन्युअल मोडला पाचवा गिअर, वेग पासष्ट, आरपीएम दोन हजारांच्या जवळ. पुढचा कंटेनर डावीकडे सरकला आणि मी गिअर न बदलता पेडल दाबलं. एक क्षणही वाट पाहावी लागली नाही. चढ असून गाडी एकसंध ओढत गेली, शंभरला पोचली तेव्हा आरपीएम तीन हजारांच्या आसपास होते. या सगळ्या वेळात इंजिन 142 पीएसवरून 214पर्यंत गेलं असेल. 374 फार लांब राहिले, 408 तर त्याहून लांब. एक्स्प्रेसवेवर आपली कामगिरी याच पट्ट्यात होते.

मर्सिडीजवर अन्याय नको. तिच्या टर्बोच्या (एक्झॉस्टच्या झोतावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) दांड्यावर छोटी विजेची मोटर बसवली आहे. फॉर्म्युला वनच्या अनुभवातून आलेलं हे तंत्र. एक्झॉस्टचा झोत पुरेसा व्हायच्या आधीच टर्बो फिरायला लागतो, त्यामुळे पेडलला प्रतिसाद चटकन मिळतो. पण प्रतिसाद लवकर मिळणं आणि ओढ जास्त असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेडल पूर्ण दाबलं तर नऊ गिअरचा गिअरबॉक्स इंजिनाला वरच्या आरपीएमला नेऊन ठेवतो, आणि तिथे हे इंजिन खरोखर जबरदस्त आहे.

'जास्त वेग.' कंपन्यांचे स्वतःचे 0 ते 100चे आकडे : मर्सिडीज 4.6 सेकंद, बीएमडब्ल्यू 4.4, ऑडी 4.8. तक्ता बनवणाऱ्याने हा रकाना टाकलाच नाही.

मात्र एम340आयच्या बाजूनेही 4.4 हा आकडा मिरवू नये. 0 ते 100मध्ये इंजिनापेक्षा टायरची पकड पुष्कळदा जास्त बोलते. बीएमडब्ल्यूचीच एम3 कॉम्पिटिशन घ्या. 2021मध्ये ती दोन प्रकारांत आली, इंजिन तेच, 510 पीएस तेच. फक्त मागची चाकं ओढणारी गाडी 3.9 सेकंद घेते, चारही चाकं ओढणारी 3.5. दुसरी गाडी वजनाने जास्त, तरी चार दशांश पुढे! इंजिनात तसूभर फरक नसताना.

'लहान इंजिन, हलकी गाडी.' सी 43 आणि एम340आय दोन्ही पावणेदोन टनांच्या घरात आहेत. दोन सिलिंडर कमी झाले खरे, पण चारही चाकांची ड्राइव्ह, 48 व्होल्टची यंत्रणा, मागची चाकं वळवणारं स्टिअरिंग या सगळ्याचं वजन भरावं लागतंच.

'सहा सिलिंडरचा जमाना संपला.' खुद्द एएमजीची (मर्सिडीजच्या वेगवान गाड्यांच्या विभागाची) ई 53 तीन लिटरच्या सरळ सहा सिलिंडर इंजिनावर चालते. कारण यंत्रशास्त्रात आहे. एका रांगेत सहा पिस्टन असले की त्यांच्या हालचालींचे धक्के एकमेकांना पूर्ण मारून टाकतात. चार सिलिंडरमध्ये आरपीएमच्या दुप्पट गतीने एक थरथर उरते, ती मारायला वेगळे बॅलन्स शाफ्ट (थरथर तोलणारे फिरते दांडे) लावावे लागतात.

लिटरमागे 204 पीएस हेही तंत्रज्ञान पुढे असल्याचा पुरावा म्हणून मिरवतात. बीएमडब्ल्यूचं हेच तीन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन (बी58) झेड4 एम40आयमध्ये 340 पीएस देतं, एम340आयमध्ये 374. म्हणजे 374 ही इंजिनाची मर्यादा नाही, तो कंपनीने ठरवलेला आकडा आहे. वर एम3ला जागा ठेवायची असते.

जर्मनीत आफाल्टरबाखला, एएमजीच्या कारखान्यात, एकच कारागीर सी 43चं इंजिन हाताने जोडतो आणि त्यावर त्याच्या सहीची पट्टी लागते. दोन लिटरमधून एवढं काढणं हे मोठं काम आहे, आणि ट्रॅकवर काटा सात हजारांपर्यंत नेणाऱ्याला ती गाडी मनापासून घ्यावीशी वाटेल. माझा भाऊ ठाण्याहून नाशिकला जातो, बायको-मुलांना घेऊन.

बुकिंग त्याने पुढे ढकललंय. येत्या रविवारी सी 43 आणि एम340आय दोन्ही गाड्यांची पुन्हा टेस्ट ड्राइव्ह आहे, एकाच रस्त्यावर, ऑटोमॅटिकमध्ये, अर्धं पेडल दाबून 60 ते 100. मोबाइलवर वेळ मी लावणार आहे.