भोवत्या करडं उचलत नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

आठवडाभर आमच्या गावाकडच्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय. गवताला लागून उडणारा तपकिरी पक्षी, आणि खाली लिहिलंय की ही घार माळावर अंडी घालते, कोंबड्या आणि शेळीची करडं उचलते, तेव्हा थंडीतच गवत पेटवून द्या. तो पक्षी घार नाही, भोवत्या आहे (इंग्रजीत हॅरियर, गवतावरून खालून उडत शिकार शोधणारा शिकारी पक्षी). सोलापूरकडच्या माळावर मी हे पक्षी कित्येक हिवाळे बघतोय, म्हणून लिहितोय.

आधी घारीचं बघू. घारीची शेपटी टोकाला खाचलेली असते, फोटोतल्या पक्ष्याच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा आहे आणि पंख वर व्हीसारखे धरलेत. ही भोवत्याची मादी आहे. नर राखाडी असतो, पंखांची टोकं काळी, त्यामुळे दोघं वेगळेच पक्षी वाटतात.

आता करडं. आपल्याकडे माळावर जास्त दिसणाऱ्या माँटेग्यूच्या भोवत्याचं (ही भोवत्यांचीच एक जात) वजन तीनशे-साडेतीनशे ग्रॅम, आणि नुकतं जन्मलेलं करडू दोन किलोच्या आसपास, तो ते उचलणार कसा सांगा! उघड्यावर फिरणारं कोंबडीचं एखादं पिल्लू कधी नेईलही, ते मी नाकारत नाही, पण त्याचं रोजचं खाणं म्हणजे नाकतोडे, टोळ, उंदीर, सरडे, चंडोलासारखे छोटे पक्षी. तोंड घुबडासारखं गोलसर असतं त्याला कारण आहे, गवतातली खुडखुड तो कानाने टिपतो. म्हणजे तुमच्या ज्वारीवरचे नाकतोडे आणि उंदीर फुकटात कमी करणारा पक्षी आहे हा.

अंडी घालतो हे खरंय आणि जमिनीवरच घालतो, पण इथे नाही. ते सगळं उन्हाळ्यात तिकडे कझाकस्तान, रशियाच्या गवताळ प्रदेशात आणि युरोपात. नर शिकार घेऊन येतो, वरून सोडतो आणि मादी घरट्यावरून उठून हवेतच झेलते. फ्रान्स-स्पेनमध्ये तर ते गव्हाच्या शेतात घरटी करतात आणि कापणीच्या मशीनखाली पिल्लं जाऊ नयेत म्हणून लोक घरट्यांभोवती राखण करतात.

आपल्याकडे ते सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत थांबतात, फक्त खायला आणि झोपायला. झोपतात पण जमिनीवर, गवतातच, बरेच एकत्र. गुजरातेत भावनगरजवळच्या वेळावदरला १९९० च्या दशकात एकेका संध्याकाळी हजारापेक्षा जास्त भोवत्ये उतरायचे.

आणि म्हणूनच पेटवून द्या हे वाचून जीव तुटतो. अंधार पडल्यावर आग लावली तर झोपलेले पक्षी धुरात उठून जाणार कुठे? बरं, नाकतोड्यांची अंडी मातीत असतात, वरून गवत जळून गेलं तरी खाली ती बरीचशी शाबूत राहतात, जळतो तो शेळ्या-मेंढ्यांचा चारा. ज्यांनी तो फोटो टाकलाय त्यांनी एकदा सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी माळाच्या कडेला गप्प उभं राहून बघावं, एकेक करून खाली उतरताना दिसतील.