जोडकार्ड

१५ पैशांच्या पोस्टकार्डावर काय काय मावतं हे आमच्या आण्णांकडून शिकावं. १९९० च्या आसपासची गोष्ट. मी पुण्यात शेतकी शिकत होतो. घर निफाड तालुक्यात, आणि घराचा सगळा जीव कांद्यात. आंतरदेशीय पत्र ही आण्णांच्या मते उधळपट्टी. "डिंक लावून बंद करण्यासारखं आपल्या घरात आहे काय?"

होतं, चिक्कार होतं. हॉस्टेलवर कार्ड खिडकीच्या गजात खोचलेलं असे आणि माझ्या हाती येईस्तोवर मेसच्या आचाऱ्यासकट सगळ्यांचं वाचून झालेलं असे. वर 'श्री', खाली 'चि. बाळास अनेक आशीर्वाद, इकडील सर्व क्षेम'. क्षेमाच्या पाठोपाठ मोटार जळाली, विहिरीनं तळ गाठला, म्हैस आटली. शेवटी आईच्या सांगण्यावरून: 'पोट साफ होत नसल्यास एरंडेल घ्यावे.' मग आठवडाभर आचारी वाढता वाढता चौकशी करी, "घेतलं का?" उरलेली जागा आजीची. तिचा आशीर्वाद पिनकोडाच्या चौकटींवरून आडवा जाई, तरी कार्ड पोचे.

मनीऑर्डरीच्या चिठोऱ्यावर मात्र आण्णा काटकसर करत. लासलगावच्या लिलावात काय झालं ते मला तिथूनच कळे. 'कांदा पडला. यात भागव.'

एकदा आलं, 'कांद्यावर जांभळा करपा आहे. सरांना विचारून ताबडतोब कळव.' मी विचारलं, कळवलं: १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम मॅन्कोझेब, चिकट द्रव्य विसरू नका, कांद्याची पात गुळगुळीत, औषध ओघळून जातं. हे कार्ड वाटेत कोण कोण वाचत बसलं देव जाणे. उत्तर आलं, 'पत्र पावले. पिकून माना पडल्या, कांदा काढून चाळीत साठवला. औषध आता कोणाला पाजू?'

उशिराचा दोष अर्थातच माझ्याकडे आला. पुढच्या खेपेपासून आण्णा जोडकार्ड, म्हणजे उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेलं पोस्टकार्ड, धाडू लागले. उत्तराच्या अर्ध्यावर घरचा पत्ता आधीच लिहिलेला, म्हणजे 'कार्ड नव्हतं' म्हणायची सोय संपली. पहिल्याच जोडकार्डात म्हशीचं दूध, उसाचं बेणं आणि चुलत्यांच्या बांधाचा तंटा असे तीन प्रश्न होते. तिसरा आमच्या अभ्यासक्रमात नव्हता.

कडेला, अनोळखी टपोऱ्या अक्षरात, चौथा:

'बाळासाहेब, करप्याचे औषध आमच्या मेव्हण्यास लागू पडले. दारच्या कागदी लिंबावर खैरा रोग आहे, तेही सरांना विचारावे. – पोस्टमन'