भिंतीपुढची वाळू आणि घरामागची जमीन

गोव्याच्या पेडण्यातील आमच्या कट्ट्यावर संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींत एक निवृत्त मास्तर आहेत, एक वकील आहे, बंदरांच्या कामांवर उमेदीची वर्षे घालवलेला एक इंजिनिअर आहे, आणि ज्याच्या घरचे लोक अजूनही रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढतात असा एक रापणकार आहे. वादाला तोंड फोडले ते मात्र पाचव्याने. त्याला आम्ही शेट म्हणतो. त्याचे वाडवडिलांचे घर किनाऱ्याला लागून असून त्याला त्याने पुढच्या बाजूने पाहुण्यांच्या खोल्या जोडल्या आहेत. गेल्या पावसाळ्याच्या उधाणात त्याच्या कुंपणालगतचे माड मुळासकट गेले, तेव्हा यंदा काळ्या दगडांची भिंत घालायचीच, असे त्याने बसल्या बसल्या जाहीर केले.

शेटचे म्हणणे वरवर पाहता बिनतोड होते. घर आमचे, जमीन आमची, खर्चही आमचाच. मग चोरापासून राखायला कुंपण चालते आणि समुद्रापासून राखायला भिंत का चालू नये? शिवाय केरीच्या किनाऱ्यावर सरकारने स्वतः दगड टाकले आहेत. "सरकारने घातला की तो संरक्षक बांध, आणि मी घातला की अतिक्रमण, हा कुठला न्याय?" असे त्याने विचारले, आणि या प्रश्नावर वकिलालाही लगेच उत्तर सुचले नाही, हे नमूद केले पाहिजे.

उत्तर दिले इंजिनिअरने, आणि तेही कायद्याचे नाव न घेता. उतरत्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, लाट चढते तेव्हा तिचे पाणी वाळूत मुरते, परतीचा जोर कमी होतो आणि आणलेली वाळू बरीचशी तिथेच राहते. तीच लाट उभ्या भिंतीवर आदळली की सगळ्या जोरानिशी मागे फिरते आणि भिंतीच्या पायथ्याची वाळू उकरून नेते. पावसाळ्यात वाळू समुद्रात जाते आणि दिवाळीच्या सुमारास हळूहळू परतते, हे किनाऱ्यावरच्या पोरालाही ठाऊक असते; पण तिला परतून टेकायला उतार लागतो. त्यातही वाईट गोष्ट घडते ती भिंत जिथे संपते तिथे, कारण वळलेल्या लाटेचा सारा मारा टोकाशी एकवटतो आणि शेजाऱ्याची जमीन अधिक वेगाने खचू लागते. मग शेजारी भिंत घालतो, त्याच्यामुळे पलीकडचा घालतो, आणि शेवटी घरे सगळी शाबूत राहतात, फक्त किनारा उरत नाही.

"म्हणजे माझ्या रापणीने जायचे कुठे?" असे रापणकाराने विचारले. होडीने जाळे अर्धगोल टाकून आल्यावर त्याचे दोन्ही दोर दोन बाजूंनी ओढणारी माणसे वाळूवरच उभी असतात, आणि जाळे जसजसे जवळ येते तसतशी ती एकमेकांकडे सरकत जातात. भरतीला पाणी थेट दगडांना लागले तर पाय रोवायला जागा कुठली? मोरजी आणि मांद्रे येथे अंडी घालायला येणाऱ्या कासवांचीही तीच गत होईल, हे मास्तरांनी जोडले. शेट त्यावर काही बोलला नाही.

वकिलाने मग आपली बाजू मांडली. किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधने घालणारी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना 1991 सालची असून, धूप रोखण्याची कामे त्या व्यवस्थेत सरसकट बंद नाहीत. मात्र ती परवानगीशिवाय करता येत नाहीत. 2011 च्या अधिसूचनेत तर गोव्यातील वाळूच्या टेकड्यांना वेगळे संरक्षण दिलेले आहे. आणि किनारा ही जनतेची ठेव आहे हे तत्त्व काही हवेतले नाही: दोनापावल येथील वायंगिणी किनाऱ्याकडे जाणाऱ्या लोकांच्या वाटेबाबत 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वाचा आधार घेतला होता. वाट अडवणे चूक असेल, तर ती वाट जिथे पोहोचते तो किनाराच नाहीसा करणे कसे चालेल, असा त्याचा सवाल होता. अमेरिकेतही हा वाद मिटलेला नाही, असे तो म्हणाला. नॉर्थ कॅरोलिनाने 1985 पासून खुल्या समुद्राच्या किनाऱ्यावर नव्या भिंतींना मज्जाव केला, तर कॅलिफोर्नियाच्या 1976 च्या कायद्याने अस्तित्वात असलेल्या बांधकामांना संरक्षणाची मुभा दिली, आणि 'अस्तित्वात असलेले' म्हणजे 1976 साली की आज, यावर तिथे वकिलांची चूल अजून पेटती आहे.

शेटने पुदुच्चेरीचा दाखला दिला. तिथे समुद्रात बांध घालून गेलेली पुळण परत आणली ना? इंजिनिअरने तो दाखला मान्य केला, पण पुरता सांगितला. 1989 च्या सुमारास बंदराचे बांध झाले, दक्षिणेकडून येणारी वाळू त्यांच्याशी अडली आणि उत्तरेकडच्या शहराची पुळण गेली. कित्येक वर्षे शहराला दगडांच्या आडोशाने राहावे लागले, आणि नंतर पाण्याखाली बांध घालून व वाळूची भर टाकून काही किनारा परत मिळाला. ते काम अख्ख्या किनाऱ्याचा विचार करून सरकारी संस्थेने केलेले होते. एका प्लॉटच्या रुंदीत ते बसत नाही. आपल्याकडे कांदोळीला 2000 साली 'रिव्हर प्रिन्सेस' जहाज रुतले, ते काढायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला, आणि तेवढ्या एका आडोशाने आसपासची वाळू कशी इकडची तिकडे झाली ते सर्वांनी पाहिले आहे.

खरी अडचण मास्तरांनी उघड केली. त्यांनी शेटला विचारले, "तुझ्या घरापुढे वाळूची टेकडी होती, वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल पसरलेली, ती कुठे गेली?" खोल्यांतून समुद्र दिसावा म्हणून ती सपाट केली, असे शेटने खालच्या आवाजात सांगितले. उधाण अंगावर घेणारी आणि पावसाळ्यात किनाऱ्याला उसनी वाळू पुरवणारी टेकडी काढायची, आणि मग तिच्या जागी दगड मागायचे, असा हा व्यवहार आहे. त्यात तेरेखोल आणि शापोरा नद्यांतून उपसलेली रेती बांधकामांत गेली, म्हणजे किनाऱ्याला येणारी भरही तुटली.

तरीही माझे मत एवढ्यावर थांबत नाही. शेटला भिंत नाकारणे मला योग्य वाटते, पण किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या रापणकाराचे घर खचू लागले तर त्याला काय सांगायचे? मागे सरक, हे सांगायला सोपे आहे. मागे जमीन कुठे आहे? भरतीरेषेपासून आत पाहत गेलात तर बंगले, रिसॉर्ट आणि विक्रीचे फलक लागतात. ज्याला सरकायचे आहे त्याच्या खिशाला ती जमीन परवडत नाही, आणि ज्याला परवडते तो समुद्रासमोरून हलायला तयार नाही. किनारा व्यवस्थापनाच्या आराखड्यांत मच्छीमारांच्या घरांसाठी मागची जमीन आजच राखून ठेवली नाही, तर उद्या भिंतीला विरोध करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला उरणार नाही.

वकिलाने शेटला विचारले की त्याच्या घरामागचा आंबराईचा तुकडा कोणाच्या नावावर आहे. तो विकूनच पुढच्या खोल्या बांधल्या होत्या. निदान त्या खोल्या काढून टेकडी पुन्हा वाढू द्यायला वाव आहे, असे इंजिनिअर म्हणाला. मर्यादवेल लावायची, लोकांच्या पायवाटेसाठी फळ्या टाकायच्या आणि दोन-तीन पावसाळे धीर धरायचा. शेटने हिशेब मांडला की त्या खोल्यांवरचे कर्ज अजून फिटलेले नाही. खोल्या काढायच्या तर हप्ता कोण भरणार, यावर आमच्यात पुन्हा जुंपली आणि ती दुकाने बंद होईपर्यंत चालली.