सारागढीच्या शौर्याला खोट्या यादीची गरज नाही
आजच्या पाकिस्तानातील सारागढी चौकीवरच्या 1897 च्या लढाईचा दिवस, 12 सप्टेंबर, जवळ आला की एक संदेश मराठी गटांतूनही फिरू लागतो: ‘सारागढीच्या 21 शीख वीरांनी 10 हजार अफगाण आक्रमकांना हिंदुस्थानच्या वेशीवर रोखले, आणि युनेस्कोने ही लढाई जगातील आठ महान शौर्यगाथांत नोंदवली.’ 2019 च्या ‘केसरी’ चित्रपटानंतर तर तो अधिकच पसरला.

युनेस्कोची अशी कोणतीही यादी नाही. वारसास्थळांची नोंद ठेवणारी ही संस्था लढायांच्या शौर्याची क्रमवारी लावत नाही.

‘अफगाण आक्रमकां’चा दावा अधिक घातक आहे. चाल करून आलेले अफगाणिस्तानच्या अमिराचे सैन्य नव्हते, तर ओरकझाई आणि आफ्रिदी टोळ्यांचे लोक होते. 1891 च्या मोहिमेनंतर इंग्रजांनी समाना डोंगररांगेवर, म्हणजे ओरकझाईंच्याच मुलखात, किल्ले बांधले होते आणि 1897 मध्ये सरहद्दीवर उठाव पेटला तेव्हा याच ठाण्यांवर हल्ले झाले. चित्रपटात या 21 जणांचे नेतृत्व करणाऱ्या हवालदार ईशर सिंगांच्या तोंडी गुलामीला उत्तर देण्याची भाषा आहे. प्रत्यक्षात त्यांची 36 वी शीख पलटण इंग्रज सरकारच्या चाकरीत सरहद्द राखत होती. हे सांगितल्याने त्या सैनिकांची निष्ठा उणी ठरत नाही, पण पठाणांना परचक्र ठरवण्याला मात्र आधार उरत नाही.

10 हजार हा त्या वेळचा अंदाज आहे, मोजदाद नव्हे. तरीही विषमता प्रचंड होती, यात शंका नाही. लॉकहार्ट आणि गुलिस्तान हे किल्ले एकमेकांना दिसत नसत, म्हणून मधल्या सारागढी चौकीवरून आरशाने सूर्यप्रकाश परावर्तित करून संदेश पाठवले जात. लॉकहार्टवरून पलटणीचे प्रमुख कर्नल हॉटन सगळे पाहत होते, पण त्यांची मदत चौकीपर्यंत पोहोचू शकली नाही. हल्लेखोरांनी झुडपे पेटवून धुराच्या आडून भिंतीला खिंडार पाडले. शिपाई गुरमुख सिंगांनी शेवटपर्यंत लढाईची खबर दिली आणि मग यंत्र आवरून बंदूक उचलण्याची परवानगी मागितली. एवढा वेळ शत्रू तिथे गुंतल्यामुळे गुलिस्तान कुमक येईपर्यंत टिकला.

भारतीय सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान 1911 पर्यंत खुला नव्हता. त्यांना तेव्हा मिळू शकणारा सर्वोच्च शौर्यसन्मान, इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, सर्व 21 जणांना मरणोत्तर दिला गेला. त्यांच्याबरोबर चौकीवरचा एक बिनलढाऊ चाकरही मारला गेला. त्याला पदक मिळाले नाही, आणि 21 चा आकडा मिरवणाऱ्या या संदेशातही तो मोजलेला नाही.