टोपण माझ्याकडे राहील

बँकेत पेनाशिवाय येणाऱ्या माणसाला मुळात कर्जच देऊ नये, असा ठराव मंगळवारी डोंबिवली पूर्वेच्या एका शाखेत संमत झाला. ठराव मांडणारे एक काका, अनुमोदन देणाऱ्या, एफडीची पावती घेऊन बसलेल्या एक काकू, आणि ठरावाचा विषय मी.

मी काही गुन्हा करायला गेलो नव्हतो. गृहकर्जात पन्नास हजार जादा भरायचे होते. पूर्वी हे काम फोनवर दोन मिनिटांत व्हायचं. मग बँकेने ॲप 'सुधारलं'. आता ते रोज सकाळी मला साडेचार लाखांचं पर्सनल लोन मंजूर करतं, कागदाशिवाय, एका बोटावर; पण जुनं कर्ज फेडतो म्हटलं की 'कृपया आपल्या शाखेशी संपर्क साधा'. साधला. पहिल्या खेपेला सर्व्हर डाउन. दुसऱ्या खेपेला कळलं की बायको सहकर्जदार आहे, तेव्हा अर्जावर तिचीही सही लागेल. तिसऱ्या खेपेला मी दोन कोऱ्या कागदांवर तळाशी तिची सही घेऊनच निघालो. कोऱ्या कागदावर सही देणारी बायको मिळायला नशीब लागतं. तिने सही करताना एवढंच विचारलं, "वर अर्ज मावेल ना?"

मॅडम म्हणाल्या, "अर्ज लिहून द्या. हप्ता कमी करायचा की मुदत, स्पष्ट लिहा." मी खिसा चाचपला. काउंटरवर पेनाची दोरी होती. नुसती दोरी. पेन कधी गेलं कोण जाणे, पण दोरीची गाठ मात्र शाबूत होती.

"हे घ्या."

पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात तीन पेनं, मांडीवर रेक्झिनची पिशवी, पिशवीत रबरबँड लावलेला पासबुकांचा गठ्ठा. काकांनी मधलं पेन काढलं, टोपण उघडलं, पेन माझ्या हातात दिलं आणि टोपण पुन्हा स्वतःच्या खिशाला अडकवलं.

"टोपण माझ्याकडे राहील. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढलीत. टोपणासकट दिलेलं पेन एकदाही परत आलेलं नाही."

मी आभार मानले. तिथेच फसलो. ज्याचं पेन त्याला अर्ज वाचायचा अधिकार, असा काहीतरी अलिखित नियम असावा. मी दुसऱ्या ओळीवर होतो तेव्हा काकांचा चश्मा माझ्या खांद्यापाशी आला, आणि त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'महोदय, मी आपला कर्जदार…' आपला? मॅडमकडून घेतलंत का कर्ज? आपल्या शाखेचा म्हणा." मी 'शाखेचा' घुसवलं. "'अंशत परतफेड'. विसर्ग कुठाय? अंशतः. विसर्ग न देता पन्नास हजार देताय!" मी दोन टिंबं दिली. "'मुदत कमी करावी ही नम्र विनंती'. स्वतःचे पैसे भरायला विनंती कसली करताय?"

हे मात्र बरोबर होतं, आणि त्यामुळेच जास्त लागलं. मी 'नम्र' खोडलं.

"हे पन्नास हजार आले कुठून पण?" हा प्रश्न त्यांनी अशा सुरात विचारला की टोकन हातात घेतलेली तीन माणसं वळली. मी म्हटलं, निम्मे बोनसचे, निम्मे घरखर्चातून वाचवलेले.

"घरखर्चातून पैसे उरत नसतात. घरात कुणीतरी कमी जेवत असतं."

"हो ना," एफडीच्या काकू म्हणाल्या, "वाळलेत बघा किती."

माझं वजन ८१ किलो आहे. पण रांगेत एकदा सहानुभूती सुरू झाली की पुरावे दाखवून उपयोग नसतो.

मग झडती झाली. दूध किती? दीड लिटर. एवढं? मुलगी आहे. गाडी? नाही. पास? सेकंड क्लासचा, फर्स्टचा दोन वर्षांपूर्वी सोडला. स्टेशनवरून घरी? चालत. "शेअर रिक्षा नाही?" नाही. काका काकूंकडे वळले आणि डॉक्टर नातेवाइकांना सांगतात तसं हळू म्हणाले, "चालत जातात."

आता मला माझी बाजू मांडावीशी वाटली. मांडायला नको होती. मी सांगितलं की कर्जाचे अजून १९० हप्ते आहेत, व्याज ७.९५ टक्के. आज भरलेला रुपया शेवटच्या हप्त्यापर्यंत साडेतीन रुपयांचं काम करतो. म्हणून आमच्या घरात प्रत्येक खर्च बायको साडेतीनने गुणते. वीसचा वडापाव सत्तरचा. दोनशेची रिक्षा सातशेची.

"म्हणजे औटकी!" काकांचा चेहरा उजळला. "आम्हाला पाठ होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. साडेतीनचा पाढा, हल्ली कुणाला येतो? सांगा, सात औट किती?"

"साडेचोवीस."

"मोबाइल न काढता?"

"बायको."

ते माझ्याकडे पहिल्यांदा आदराने बघत होते, म्हणजे बायकोकडे. मला वाटलं सुटलो. पण काकांनी खुर्ची पुढे ओढली.

"आता माझं ऐका. मी १९८९ साली घर घेतलं. हप्ता सहाशे. जीव जायचा हो. हिच्या माहेरच्यांपुढे मान खाली. आणि २००४ साली शेवटचा हप्ता भरला, तेव्हा सहाशेचं काही वाटत नव्हतं. आज सहाशेत काय येतं? हिचे दोन ब्लाउजसुद्धा शिवून मिळत नाहीत. पैसा स्वस्त होत जातो, हप्ता जागेवर राहतो. तुम्ही आजचा महाग पैसा देऊन उद्याचा स्वस्त हप्ता वाचवताय. वर पैसे आधी भरले म्हणून दंड लागेल तो निराळा."

पहिल्या भागाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही; रात्री कूस बदलताना मला ते दोन ब्लाउज आठवतात. पण दंडाचं मला माहीत होतं. मी म्हटलं, काका, बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर बँकांना असा दंड लावता येत नाही, २०१२ मध्येच रिझर्व्ह बँकेने बंद केलाय.

"तेव्हा गव्हर्नर कोण होते?"

मी गप्प.

"सुब्बाराव," काका म्हणाले, आणि रांगेला उद्देशून, "गव्हर्नर माहीत नाही आणि परिपत्रक सांगतायत." इथेच तो पेनाचा ठराव निघाला आणि काकूंनी मान डोलावली.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण राग काकांचा नाहीच. आम्ही घर घेतलं मार्च २०२१ मध्ये. मुद्रांक शुल्कातली सवलत महिनाअखेरपर्यंतच होती, म्हणून निम्मं शहर मास्क लावून निबंधक कार्यालयाच्या जिन्यात उभं होतं. चाळीस लाख, ६.७० टक्के, वीस वर्षं, हप्ता ३०,२९६. हा आकडा मी मुलीच्या जन्मतारखेसारखा पाठ केला होता. मे २०२२ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, चारचा ४.४० झाला आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत साडेसहा. आमचं व्याज ९.२० वर गेलं. एक दिवस, भाजी निवडताना, बायकोच्या फोनवर संदेश आला: हप्ता ३३,०००. चला, हप्ता वाढला, मुदत तरी जागेवर असेल म्हणून पाहिलं. दोन वर्षं नियमाने भरल्यावर २१६ हप्ते राहायला हवे होते. राहिले होते २९०. म्हणजे चोवीस हप्ते भरून आम्ही घराच्या मालकीपासून पन्नास हप्ते आणखी लांब गेलो होतो. आता व्याज उतरलंय, मधूनमधून आम्ही दीडेक लाख भरलेत, म्हणून १९०. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की व्याज बदलताना कर्जदाराला विचारा, हप्ता वाढवू की मुदत. चांगलं झालं. आमचं तोवर दोन्ही वाढवून झालं होतं.

तर मला एवढंच कळत नाही. माझी सहा वर्षं वाढवायला कुणाची सही लागली नाही. सहकर्जदार भाजी निवडत होती, तिलाही कुणी विचारलं नाही. आणि पाच महिने कमी करायचे तर दोन सह्या, तीन खेपा, हाताने लिहिलेला अर्ज, आणि पेन स्वतःचं.

आणि लोक म्हणतात, व्याजावर कर वाचतो की! मेहुणा दर दिवाळीला म्हणतो. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची ती दोन लाखांची वजावट मिळत नाही, हे मी दर दिवाळीला सांगतो. तो पुन्हा चकली घेतो. कर्ज असणं आमच्याकडे प्रतिष्ठेचं आहे. ते लवकर फेडणं मात्र चिक्कूपणाचं. चारचाकीचा हप्ता भरणाऱ्या शेजाऱ्यांबद्दल कुणी 'वाळलेत' म्हणत नाही. यंदा जत्रेत मुलीने आकाशपाळण्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "बाबा, पन्नास रुपये आहे. आपले पन्नास की गुणून?" मी तिला दोनदा बसवलं. बायको काही बोलली नाही, पण तिचे ओठ हलताना मी पाहिले.

असो. पहिला कागद एव्हाना खाडाखोडीने भरला होता. मॅडमनी तो दोन बोटांत धरून परत केला. उरला एक कागद, त्यावर एक सही. चुकायला जागा नाही. काका म्हणाले, "मी सांगतो, तुम्ही लिहा. अर्जाची म्हणून एक भाषा असते." मी लिहिलं होतं, 'हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी.' काकांना ते बाजारात बोलल्यासारखं वाटलं. त्यांनी डोळे मिटून सांगितलं:

"'तरी सदर रक्कम मुद्दलात जमा करून घेऊन, माझ्या मासिक हप्त्यांचा शिल्लक राहिलेला एकूण कालावधी त्या प्रमाणात कमी करण्यात यावा.' पूर्णविराम. बघा, कसं वजन आलं."

वजन आलं खरं. मला ते आवडलंसुद्धा. वाक्य बायकोच्या सहीच्या वर अगदी बोटभर जागा ठेवून संपलं. काकूंनीही वाचलं आणि "छान" म्हणाल्या. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रत काढली, मॅडमनी शिक्का मारला, चेक पिनने टोचला. काकांचं टोकन पुकारलं गेलं आणि ते गठ्ठा घेऊन पासबुकाच्या मशीनकडे गेले. मी विजयी मुद्रेने घरी. चालत.

बुधवारी संध्याकाळी संदेश आला. बायकोने वाचला. मग पुन्हा वाचला.

"हप्ता ३२,५३७ कसा?"

मी फोन घेतला. मुदत: १९० महिने. हप्ता: ३२,५३७. मॅडमनी त्या भारदस्त वाक्यातलं 'मासिक हप्त्यां' वाचलं होतं, शेवटचं 'कमी करण्यात यावा' वाचलं होतं, आणि मधलं जे वजन होतं ते ओलांडून गेल्या होत्या. पाच हप्ते वाचायचे होते, म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास. त्याऐवजी दरमहा ४६३ रुपये. काका जिंकले, हप्ता कमी झाला, पैसा हातात राहिला. ४६३ रुपयांत दोन ब्लाउजही शिवून मिळत नाहीत, अस्तराचे तर नाहीच.

"अर्ज कुणी लिहिला?" बायकोने विचारलं.

"मीच."

"हे 'त्या प्रमाणात कमी करण्यात यावा' तू लिहिलंस?"

मी सगळं सांगितलं. टोपण, विसर्ग, औटकी, सुब्बाराव. तिने शांतपणे ऐकलं, औटकीला जरा हसली. मग शाखेत फोन लावला. पलीकडून सांगण्यात आलं की दुरुस्ती होऊ शकते, नवीन अर्ज द्या, दोघांच्या सह्या, समक्ष या. तिने वहीतून दोन कागद फाडले, या वेळी आधी मजकूर स्वतः लिहायला बसली. एकच ओळ: हप्ता ३३,००० च ठेवा, महिने कमी करा. पेन शोधायला तिने माझ्या शर्टाचा खिसा चाचपला आणि एक निळं पेन काढलं. टोपण नसलेलं.

मी म्हटलं, अरे देवा. काकांचं.

तिने कागदाच्या कडेला दोन रेघा ओढून पाहिल्या. उठत होतं. पेन उलटंसुलटं करून तिने किंमत शोधली, ओठ जरा हलले, मग पेन माझ्यासमोर ठेवलं.

"मंगळवारी जाशील तेव्हा काका भेटले तर टोपण मागून घे. पेन चांगलं आहे."