मराठीत डार्क गाणी का नाही चालणार?

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दोन दिवस वाद चाललाय, पुण्यातल्या पोरांनी मराठीत पोस्ट-पंक (पंक रॉकमधून निघालेलं उदास, गडद संगीत) करावं का. अर्धे म्हणतात असलं इंग्लिशमध्येच शोभतं, मराठी म्हणजे भावगीत, नाट्यसंगीत, बाकीचे म्हणतात असलं उदास काही ढोल-ताशाच्या गावात कोण ऐकणार. मी बर्लिनमध्ये राहते आणि मला दोन्ही पटत नाही.

मोल्चात दोमा हा असलंच वाजवणारा बेलारूसचा, मिन्स्कचा बँड. 2017 ला सुरू झाला, तिघंच जण, आणि गातात रशियनमध्ये. ड्रम मशीनचा ठोका सरळ, कुठे हरकत नाही की मुरकी नाही, चाल बऱ्याचदा बेसच पुढे नेतो, गिटार लांबून आल्यासारखी, गायक खर्जात, आवाज चढवायचाच नाही असं ठरवून गाणारा. इथे त्यांच्या शोला माझ्या शेजारच्या जर्मन मुलींना एक शब्द कळत नव्हता, तरी खाली मान घालून, डोळे मिटून दीड तास नाचत होत्या, घामाने निथळत. त्यांचं 2020 ला टिकटॉकवर जगभर पसरलेलं गाणं तर कविताच आहे, रशियन कवी बोरिस रिझीची, जो 2001 ला 26 व्या वर्षी गेला.

मग आपल्याकडे काय कमी आहे? मेलेल्या उंदरांवर मर्ढेकरांनी 1940च्या दशकात लिहून ठेवलंय, नामदेव ढसाळ तर आपल्या खेड तालुक्यातले! आणि ज्या गावातली पोरं कमरेला ढोल बांधून तासन्‌तास एकच ठेका धरतात त्यांना सरळ ठोक्यावर नाचता येणार नाही म्हणता?

अडचण भाषेची नाहीच, जागेची आहे. इथे तळघरात तालमीच्या खोल्या भाड्याने मिळतात, छोटे क्लब नवख्या बँडला अर्धा तास देतात (तेही भाडी वाढल्यामुळे बंद पडतायत, इथे सगळं आलबेल नाहीये). पुण्यात फिरोदिया करंडकाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत जीव तोडून वाजवणारी पोरं कॉलेज संपल्यावर वाजवणार कुठे? रात्री दहानंतर स्पीकर बंद हा नियम बरोबरच आहे, आजारी म्हाताऱ्या माणसांचा विचार नको का, पण त्यात बंद सभागृहांना सूट आहे, मग आवाज बाहेर न जाणारा शंभर माणसांचा एक हॉल आपल्याला जड आहे का?

तोपर्यंत ज्यांच्या सोसायटीचं क्लबहाऊस दुपारी रिकामं असतं त्यांनी ते तालमीला द्या, चेअरमनशी मी बोलते.