निळा शर्ट, एकशेआठ!

आमच्या सोसायटीत जीव वाचवण्याचं प्रशिक्षण झालं, पण कोणाला जिवाची काळजी वाटली म्हणून नव्हे. ते झालं फॉर्म 'बी'मुळे. महाराष्ट्रात २००६ चा आगप्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत या फॉर्मवर लिहून घ्यावं लागतं. आमच्या खजिनदारांना त्या एजन्सीच्या कोटेशनमध्ये तळाला 'रहिवाशांना प्रशिक्षण : मोफत' अशी ओळ सापडली. पैसे भरून झालेली मोफत गोष्ट सोडायची नाही, हा ठराव एकमताने झाला. सोसायटीच्या इतिहासात एकमताने झालेला तो बहुधा एकमेव ठराव.

अग्निशमन सेवा सप्ताह १४ ते २० एप्रिल. त्यातला रविवार धरून आम्ही सगळे पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर जमलो. एजन्सीकडून दोघं आले होते. एक अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, मिशा राखून असलेले साहेब. दुसरी जेमतेम पंचविशीची एक मुलगी. तिला 'मॅडम' म्हणावं की 'बाळा', यावर बायकांमध्ये शेवटपर्यंत दोन तट राहिले.

साहेबांनी सुरुवात १४ एप्रिल १९४४ पासून केली. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज, पोटात कापूस आणि दारूगोळा. कापूस पेटला, जहाज फुटलं आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान परत आले नाहीत. पार्किंग गप्प झालं. मग साहेब म्हणाले की त्याच जहाजात सोन्याच्या विटाही होत्या आणि स्फोटात त्या उडून इकडेतिकडे पडल्या.

"सगळ्या सापडल्या का हो?" खजिनदारांनी पुढे सरकून विचारलं. काही विटा कित्येक वर्षांनी गोदीतला गाळ काढताना मिळाल्या, हे ऐकल्यावर पहिल्यांदाच लोकांनी मोबाइल खिशात ठेवले.

पुढे गॅसगळती. वास आला तर बटणांना हात लावायचा नाही. चालू असलेला पंखा चालू राहू द्यायचा, बंद असलेला बंद. रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, बाहेर यायचं आणि मग, सिलिंडर असेल तर, १९०६ ला फोन करायचा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो. पाइपचा हलका, तो वर चढतो. आमच्या ए विंगमध्ये पाइप आलाय, बी विंगमध्ये अजून सिलिंडर. "म्हणजे आमचा वर जातो," ए विंगच्या काकू हळूच म्हणाल्या. बी विंगने ते ऐकलं. गॅस कुठल्या दिशेने जातो यावरूनही माणसाला कमीपणा वाटू शकतो, हे मला त्या दिवशी समजलं.

आग विझवायच्या लाल नळकांड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. आमच्याकडे ती प्रत्येक मजल्यावर आहेत, पण त्यांच्यावर छत्र्या टांगलेल्या असल्याने अनेकांनी ती आधी पाहिली नव्हती. साहेबांनी पत्र्याच्या घमेल्यात चिंध्या पेटवल्या. पिन ओढा, नळी ज्वाळांवर नाही तर आगीच्या बुडाशी धरा, खटका दाबा, इकडून तिकडे फिरवा, आणि वारा पाठीमागून येईल असं उभं राहा. वाऱ्याची सूचना अध्यक्षांनी ऐकली नाही. पावडर अध्यक्षांवर आणि अध्यक्षांच्या नव्या गाडीवर अशी सारखी वाटली गेली. आग नंतर वॉचमनने विझवली, तोंडातला गुटखा न थुंकता.

मग त्या मुलीने बॅगेतून बाहुली काढली. पुतळा कमरेपर्यंतच. "खालचा भाग कुठाय?" "मेंटेनन्स थकला असेल." हे होऊन गेल्यावर तिने बाहुलीचं नाव सांगितलं, ॲनी. नॉर्वेतल्या एका खेळणी बनवणाऱ्याने १९६० मध्ये ती पहिल्यांदा बनवली. चेहरा घेतला तो एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून, अशी हकिकत सांगतात. ती मुलगी कोण होती, ते कळलंच नाही. आमच्या काकूंना एवढं पुरलं. "कुणाची गं पोर," म्हणून त्यांनी बाहुलीच्या कपाळावरून हात फिरवला आणि मुलीला सांगितलं, "जरा टॉवेल घाल हिच्या अंगावर. एवढे पुरुष बसलेत."

शिकायचं होतं ते ऐकायला सोपं आहे. माणूस कोसळला तर खांदे हलवून हाक मारा. उत्तर नाही, श्वास नाही किंवा नुसतेच आचके देतोय, तर छातीच्या मधोमध तळहात ठेवून दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दाबलं नाही तर वाचण्याची शक्यता मिनिटागणिक साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. वेग कसा धरायचा? मुलीने कुठलंसं इंग्रजी गाणं लावलं, ते कोणाला लागू पडेना. शेवटी गणपतीत आरती संपत आली की टाळ्या जशा पळायला लागतात तो वेग धरा, असं गुरुजींनी सुचवलं आणि अख्खं पार्किंग तालात आलं. प्रसाद तेवढा राहिला.

खरी परीक्षा दाबण्याची नव्हतीच. ती गुडघे टेकून जमिनीवर बसण्याची होती. आमच्या सोसायटीचं सरासरी वय पाहता रुग्णापाशी पोचायलाच दोन माणसांचा आधार लागतो आणि परत उठायला तिसऱ्याचा. मी बसलो, कोपरं सरळ ठेवली, मोठ्याने आकडे मोजत दाबलं. पंचविसाच्या पुढे आवाज गेला, तिसाला मीच ॲनीकडे आशेने पाहू लागलो. माझ्यानंतर काकू आल्या. पदर खोचला आणि परातीत कणीक तिंबावी तशी त्यांनी ॲनी तिंबली. बाहुलीतला हिरवा दिवा एकदाही विझला नाही. त्या दिवसापासून काकूंची नजर बदलली आहे. समोर कोणी आलं की आधी छातीकडे पाहतात.

एक नियम मात्र कोणाच्या पचनी पडेना. "कोणीतरी अँब्युलन्स बोलवा" असं ओरडायचं नाही, कारण कोणीतरी म्हणजे कोणीच नाही. एका माणसाकडे थेट बोट दाखवून सांगायचं. मुलीने वळून माझ्याकडे बोट रोखलं : "तुम्ही, निळा शर्ट! एकशेआठला फोन करा!"

"वयाने मोठे आहेत ते. काका तरी म्हण," मागून आवाज आला. "आणि बोट काय दाखवतेस?" मग १०८ की ११२ यावर चर्चा रंगली. १०८ची सेवा आपल्याकडे २०१४ पासून आहे, ११२ हा पोलीस, आग, दवाखाना सगळ्यांचा मिळून नंबर, कुठलाही लावा पण लावा, असं ती बिचारी सांगत होती. चर्चा संपेपर्यंत ॲनी चारदा गेली असती. "आणि फोन करणाऱ्यालाच पोलिसांनी बसवून ठेवलं तर?" हा पुढचा प्रश्न. अपघातात मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही, २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातच तसं कलम आहे, असं तिने सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी "कायदा आहे, म्हणजे त्रास आहे" असा निकाल दिला.

भाजलं तर टूथपेस्ट, हळद, शाई काही लावायचं नाही, वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं. "आमच्या नळाला सकाळी सहा ते सातच येतं. भाजायचं कधी तेवढं सांगा." फिट आली तर कांदा-चप्पल नाकाशी धरायची नाही, तोंडात काही घालायचं नाही, झटके थांबले की कुशीवर वळवायचं. घास अडकला आणि माणसाला खोकताही येत नसेल तर पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा, मग पोटावर पाच दाब. सराव कोणावर करायचा असं विचारल्यावर सेक्रेटरींच्या मागे रांग लागली. त्यात गेल्या वर्षी पार्किंग न मिळालेले सगळे होते. धडधाकट माणसावर खरे फटके मारायचे नसतात, नुसती जागा दाखवायची, हे कळल्यावर रांग हळहळत पांगली.

घरी येऊन मी आपत्कालीन पिशवीही भरली. टॉर्च, शिट्टी, मीठ-साखरेची पाकिटं, औषधं, कागदपत्रांच्या प्रती, बिस्किटं. दाराशी टांगली. बिस्किटं संध्याकाळच्या पाहुण्यांना गेली. टॉर्चचे सेल रिमोटमध्ये गेले. शिट्टी भाच्याने पळवली आणि ती काढून घ्यायला त्याची आई तयार होईना. आता पिशवीत कागदपत्रं आहेत आणि काल त्यात कोथिंबीर आली.

वार्षिक सभेत विषय क्रमांक चार, पाण्याचा टँकर, चालू असताना तिसऱ्या मजल्यावरचे काका खुर्चीवरून घसरले. चतुर्थीचा उपास, वर टँकरचा आकडा. क्षणभर शांतता. मग प्रशिक्षण घेतलेल्या सर्व सभासदांनी एकदम बोटं रोखली, सगळी माझ्याकडे : "निळा शर्ट! एकशेआठ!" मी पांढऱ्या सदऱ्यात होतो. फोन लावला. पलीकडून जवळची खूण विचारली. शेजारी उभ्या असलेल्यांनी मारुतीचं देऊळ, बंद पडलेली पिठाची गिरणी, जुना जकात नाका आणि 'सांगा, सगळे ओळखतात' अशा चार खुणा एका दमात पुरवल्या. "पेशंटचा श्वास चालू आहे का?" असं पलीकडून विचारेपर्यंत काकूंनी पदर खोचला होता. त्या गुडघे टेकताहेत हे अर्धवट उघड्या डोळ्यांनी पाहताच काका ताडकन उठून बसले.

"चालू आहे! श्वास चालू आहे माझा!"

मी तसं फोनवर कळवलं, पण गाडी निघाली होती आणि ती आली. डॉक्टरांनी काकांना तपासलं, लिंबू-सरबत द्यायला सांगितलं. काका म्हणाले, "आलाच आहात तर सगळ्यांचंच बीपी बघून जा." सेक्रेटरींनी तत्परतेने विंगप्रमाणे रांग लावली. डॉक्टरांनी हात जोडले, दुसरा कॉल आहे म्हणाले आणि गाडी गेली. विषय क्रमांक चार बाजूला राहिला. उरलेली सभा रांगेत ए विंग आधी का, यावर झाली.